आबाजी, मुक्काम एकोडी

एकोडीतला कोणताही म्हातारा वारला की दोन दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तो 'मनमिळाऊ' होतो. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे' ही ओळ तर आधीच जुळवून ठेवलेली असावी, फक्त आकडे बदलायचे. आता आबाजी आणि मनमिळाऊ! या माणसाचं किराणा दुकानदाराशी, कंडक्टरशी, धान मोजणाऱ्या मापाड्याशी, थोरल्या जावयाशी आणि धुऱ्याच्या शेजाऱ्याशी एकाच आठवड्यात वाजायचं. आप्तपरिवाराची ओळ मात्र खरी. नाही, तीही अपुरीच. तीत बैलजोडी नसते, व्यालेली गाय नसते. आबाजींच्या हिशेबात घरची खाणारी तोंडं म्हणजे ही सगळी.

हे आबाजी एकटे कोणी नव्हेत. साकोली तालुक्यातल्या या गावात चार घरं सोडून पाचव्या घराच्या ओसरीवर एक आबाजी बसलेले असतात, आणि तुम्ही रस्त्यानं चाललात की 'कोनाचा गा तू?' असं विचारतात. उत्तर दिलं तरी सुटका नाही, कारण मग तुमच्या आज्यानं १९७२ च्या दुष्काळात त्यांच्याकडून किती पायली तांदूळ नेले होते ते ऐकावं लागतं. मी अशा चार-पाच घरच्यांचे मिळून एक आबाजी केले आहेत. त्यांतल्या कुणाला हे पटलं नसतं. बाकीचे चौघं आपल्या तोडीचे आहेत हेच मुळात कबूल नसतं.

आबाजींचा जन्म मध्यप्रांतातला, शाळा अर्धी मध्य प्रदेशात आणि अर्धी मुंबई राज्यात, लग्न महाराष्ट्रात. एवढ्या प्रवासात ते एकोडीच्या बाहेर पडले नव्हते. ये-जा सरकारच करत होतं. १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि या दोन्ही वेळी आबाजींच्या घरी पेज तीच होती. त्यांनी मनाला लावून घेतली ती तारीख १ मे १९९९. त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्यांची धाकटी बहीण दिली होती ते गाव एका रात्रीत परजिल्ह्यात गेलं. पोरी जिल्ह्याबाहेर द्यायच्या नाहीत हा त्यांचा नेम होता. बहीण होती तिथंच राहिली, जिल्हा तेवढा निघून गेला.

त्यात गोंदिया तालुक्यातही एक एकोडी आहे. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती तोवर पत्रिकेवर तालुका ठळक छापला नाही तर पाहुण्यांचे हाल व्हायचे. मधल्या मुलीच्या लग्नाला नवरदेवाचे मामा त्या एकोडीला उतरले. तिथंही त्या दिवशी एक लग्न होतंच. मामा मांडवात गेले, जेवले, कोणी ओळखीचं दिसेना म्हणून चौकशी केली आणि दिवेलागणीला या एकोडीत पोचले. सगळे ओशाळले. आबाजींनी मामांना बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "भाजी कायची होती तिकडं?" वांग्याचीच होती असं कळल्यावर, "तेल आपल्याएवढा होता का?" मामा शहाणे होते. नव्हता म्हणाले.

आबाजींच्या वयाचा प्रश्न आयुष्यभर मिटला नाही. शाळेत नाव घालायला त्यांच्या वडिलांनी नेलं तेव्हा गुरुजींनी पोराच्या उंचीकडे पाहिलं आणि १ जुलै १९५० लिहून टाकलं. त्या काळी गुरुजींच्या कृपेनं निम्मं गाव १ जुलैलाच जन्मलं आहे. रोवणीच्या तोंडावर एवढ्या बाया खरोखरच बाळंत झाल्या असत्या तर बांधीत पाय ठेवायला कोणी उरलं नसतं आणि त्या वर्षी धानाचा दाणा पिकला नसता. आपण देशात झेंडा लागला तेव्हा चालत होतो, बोलत होतो, आंबे पाडत होतो, असं आबाजी शपथेवर सांगत. पण कागद चांगलाच तरुण होता, आणि तो तसा असण्याबद्दल त्यांची बरीच वर्षं काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली २६ ऑगस्ट २०२२ पासून. त्या दिवसापासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. पासष्ट ते पंच्याहत्तरच्या मधल्यांना अर्धं तिकीट होतंच. आबाजी देहानं फुकटात बसत होते आणि आधार कार्डानं अर्ध्यात. कंडक्टर बदलला की ते नव्यानं वाद सुरू करायचे, "कारड पायतं का मले पायतं?" पुढच्या मार्चात, १७ तारखेपासून, बायकांनाही अर्धं तिकीट झालं. साकोलीच्या बाजाराला निघालेल्या आबाजींनी आजीकडे बोट दाखवून कंडक्टरला सांगितलं, "आमी दोघं मिरून एकच मानूस आहो, एकच फाडा." आजीनं खिडकीबाहेर बघत म्हटलं, "पन्नास वर्सं झाले लग्नाले, यायले आज समजला."

कागदावरची पंच्याहत्तरी जुलै २०२५ मध्ये भरली. त्यानंतर काही महिने आबाजी काम नसतानाही साकोलीला जाऊन येत. काय आणलं विचारलं तर म्हणत, "काई नाई. गाडी खाली जात होती."

आता या माणसाचा प्रपंच कसा होता ते सांगायचं तर तांदळापासून सुरुवात करावी लागेल. झाडीपट्टीत मायेचं माप पायली आणि पोतं. आबाजींच्या शेतात दोन वाण असत. जाडा धान खरेदी केंद्रावर विकायचा, आणि बोडीखालच्या दोन बांध्यांत एचएमटी, घरासाठी. हा तांदूळ ज्यांनी निवडून निवडून काढला ते दादाजी खोब्रागडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले, दीड एकराचे शेतकरी. वाणाला नाव पडलं ते त्या वेळी ज्याच्या-त्याच्या मनगटाची हौस असलेल्या घड्याळाचं. २०१८ च्या जूनमध्ये दादाजी गेले तेव्हा आबाजींनी सकाळी बातमी वाचून घेतली आणि दिवसभर कोणाशी भांडले नाहीत. घरच्यांना वाटलं अंगात ताप आहे.

तर एचएमटी कोणी खायचा याचे नियम होते. पहिला मान जावयाचा, मग नातवंडांचा, मग पाहुण्यांचा. आबाजी स्वतः गिरणीतून आलेली कनकी खात. तांदूळ कोठीत भरलेला असताना घरधनी तुकडा तांदूळ का खातो, हे सुनांना सुरुवातीला कळत नसे. थोरल्या सुनेनं एकदा गुपचूप त्यांच्या ताटात अख्ख्या तांदळाचा भात वाढला. आबाजींनी पहिला घास घेतला, थांबले, आणि विचारलं, "आज पावना कोन आला?" कोणी नाही म्हटल्यावर भात बाजूला सारून, "पोट्ट्यायले ठेव, रातच्यान खातीन." त्यांना कनकी आवडते असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना लाखोळीची डाळही आवडायची. ती फार खाल्ल्यानं पाय लुळे पडतात असं डॉक्टरनं बजावलं तेव्हा ते दवाखान्यातून घरापर्यंत मुद्दाम चालत आले आणि दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरला दाखवायला परत चालत गेले.

खरेदी केंद्रावर धान न्यायचा म्हणजे एक युद्धच. बारदाना मिळाला तर काटा रिकामा नाही, काटा मिळाला तर ओलावा जास्त. ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा. आबाजी दाणा दातांखाली धरत, कट् असा आवाज काढत आणि जाहीर करत, "चौदा." यंत्र अठरा सांगायचं. यंत्राला दात नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांना स्वतःला तेव्हा समोरासमोर येणारे दोनच उरले होते, पण त्या दोघांत मतभेद नव्हता.

दिवाळी झाली, गावची मंडई उरकली, नवा तांदूळ भरडून आला की आबाजी लेकींकडे निघत. तीन लेकी, तीन पोती. पोत्याच्या तोंडाशी पोपटीच्या शेंगा, जवस, वाळवलेले झिंगे आणि आजीनं लपवून घातलेलं काहीतरी. नागपूरच्या गाडीत सामानाच्या तिकिटावरून व्हायचं ते व्हायचंच. एकदा कंडक्टर फारच हटून बसला तेव्हा आबाजींनी पोत्यावर हात ठेवून सांगितलं, "पाच वर्साच्या आतल्याले तिकीट नसते ना? हा यंदाचाच आहे." सगळी गाडी हसली, कंडक्टरही हसला आणि त्यानं तिकीट फाडलं. आबाजींनी ते जपून ठेवलं. जावयाला दाखवायला.

जावयाच्या फ्लॅटमध्ये ते दोन रात्रीच्या वर टिकत नसत. लिफ्टमध्ये चपला काढून चढत. नळाचं पाणी कोणत्या तलावातून येतं हे जावयाला सांगता आलं नाही, तेव्हापासून त्याच्याबद्दल त्यांचं मत जे खाली आलं ते आलंच. तलावांच्या जिल्ह्यातला माणूस हा. जुन्या मालगुजारी तलावाचं तुडूम किती उघडलं, कोणाच्या बांधीला पाणी रात्री किती वाजता लागलं, हे त्यांना झोपेतही ठाऊक असायचं. अश्विनात धान निसवताना ओढ दिली की ते टॉर्च घेऊन रात्र रात्र पाळीवर बसलेले असत. आणि इथं एक शिकलेला माणूस, दोन मुलांचा बाप, आपण कुठलं पाणी पितो ते सांगू शकत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मात्र सगळी नातवंडं एकोडीला असत, आणि त्या महिन्यात आबाजी झोपत नसत. अंगणात ओळीनं अंथरुणं पडायची. रात्री बारा-एकच्या सुमाराला त्यांची मोजणी असे. डोकी चादरीत गुडूप असत म्हणून ते पाय मोजत आणि दोनांनी भागत. एका रात्री पाय सतरा भरले. पुन्हा मोजले, सतराच. आबाजींनी आजीला उठवलं, दोन्ही मुलांना उठवलं, विहिरीत बॅटरी मारली, गोठा बघून झाला, शेजारी जागे झाले. एवढ्या गोंगाटानं एक नातू उठून बसला तेव्हा त्याचा दुसरा पाय त्याच्याच बुडाखालून निघाला. त्या नातवाला आबाजींनी तिथंच एक चापट दिली आणि पहाटे त्याच्यासाठी ताडफळं आणायला स्वतः गेले. पुढं सगळी सुट्टी तो नातू एक पाय दुमडून झोपायचा. कशासाठी ते सांगायला नको.

तान्हा पोळ्याच्या लाकडी बैलाचंही असंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले बैल सजवून मिरवतात. या घरचा बैल सागवानी, आबाजींच्याही आधीचा, एक शिंग तुटून पुन्हा बसवलेला. तो वर्षभर त्यांच्या लोखंडी पेटीत कुलुपात असे. सकाळी नातवाला मिळायचा, सांजेला परत. परत घेताना ते बैल फिरवून फिरवून पाहत. हा दागिना आहे, उसना दिलाय, असा सगळा थाट. एका वर्षी चाक मोडलं तर आबाजींनी नातवाच्या बापाला धारेवर धरलं. त्यानंही लहानपणी हेच चाक मोडलं होतं म्हणे.

माया, प्रेम असले शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. लेकीच्या पाठवणीला बाया रडत होत्या, बाप ताटं मोजत होता, कारण भाड्यानं आणलेल्या ताटांत तीन कमी भरत होती. हेच आबाजी झाडीपट्टीच्या नाटकाला मात्र ढसाढसा रडत. दिवाळीनंतर वडश्याच्या मंडळ्या गावोगाव फिरू लागतात, रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटेला मिटतो. आबाजी दोन नातवंडं घोंगडीत घेऊन पुढच्या रांगेत बसत. रंगमंचावरचा बाप मुलीला निरोप देऊ लागला की यांचा पंचा ओला. नातीनं विचारलं, "आबाजी, माही माय गेली तवा तुमी नाई का रडले?" ते म्हणाले, "तवा पैसे कोठं भरले होते?"

पुण्याच्या नातवाशी त्यांचं फोनवरचं बोलणं ठरलेलं होतं. जेवला का, आणि तिकडं पानी आला का. नातू संगणकाच्या कंपनीत, काचेच्या इमारतीत. बाहेर पाऊस आहे की नाही हे त्याला खरंच ठाऊक नसायचं. "घरात रायते का भुयारात?" असं म्हणून आबाजी फोन ठेवत. मग नातू पहिल्यांदा हवामानाचं पाहून ठेवायला लागला आणि मग फोन उचलायला लागला. कधी तो मिलिमीटरमध्ये सांगायचा. "बांधी भरली का तेवढं सांग," आबाजी म्हणत. हिंजवडीत बांधी कुठून आणायची?

शेतकऱ्याच्या खात्यात दिल्लीहून वर्षाला सहा हजार येऊ लागले, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, तेव्हा त्यांचा अंगठा अडला. जन्मभर चिखलात पऱ्हे रोवून आणि विळ्याच्या मुठीवर घासून अंगठ्यावर रेषच उरली नव्हती. यंत्र त्यांना ओळखेना. पोरानं अंगठा पुसला, तेल लावलं, लिंबू चोळलं. यंत्र नाहीच म्हणालं. आबाजी त्या मुलाला म्हणाले, "बापू, ज्याचा आंगठा कोरा नाई थो कास्तकार कसा? हे मशीन उलटी बसवली तुमी." शेवटी डोळ्यांनी काम झालं. आलेले दोन हजार सुटे करून ते नातवंडांना वाटायचे, वयाप्रमाणं नव्हे, उंचीप्रमाणं. गुरुजींनी त्यांचं वय जसं ठरवलं होतं तसंच.

आणि धुरा. आबाजींच्या आणि शेजाऱ्याच्या बांधीमधला धुरा दोन्हीकडून चाळीस वर्षं कोरला जात होता. याचा एक फावडा, त्याचा एक फावडा. हातभर रुंदीचा बांध शेवटी असा झाला की त्यावरून बगळाही जपून चालायचा. दोघांनी पैसे भरून सरकारी मोजणी आणली. मोजणीत कोणाचंच काही गेलं नाही आणि कोणाला काही मिळालं नाही, म्हणून दोघांनीही ती फेटाळली. आबाजींनी मग स्वतःचा लोखंडी टेप घेतला. शेजाऱ्यानं दोरी. टेप आणि दोरी यांच्यात वीतभर फरक येई, आणि त्या वीतभर फरकावर दर रोवणीला सकाळचे दोन तास जात. घरी लग्न निघालं की पहिली पत्रिका मात्र एकमेकांना. शेजाऱ्याच्या पोराला ताप चढला होता तेव्हा रात्री बैलगाडी जुंपून दवाखान्यात नेणारे आबाजीच होते. वाटेत त्यांनी धुऱ्याचा विषय काढला होता, असं शेजारी आजही सांगतो.

आबाजी गेले ते चुरणा आटोपून, धान केंद्रावर घालून, आणि चुकारे खात्यात पडायच्या आधी. उधारी मागं ठेवून जाणारा माणूस नव्हता, पण सरकारकडे येणं बाकी ठेवून गेला, हे बसायला आलेल्या प्रत्येकाला थोरला मुलगा सांगत होता. शेजारी रोज येऊन बसला. तेरवीच्या पंगतीत आग्रह करायलाही तोच उभा होता.

मग पेटी उघडली. घरच्यांना वाटलं होतं, दस्तऐवज निघतील, निदान कोणाला किती दिले ते निघेल. निघाला लाकडी बैल, लोखंडी टेप, गाडीची तिकिटं, आणि एक वही. वहीत जन्म होते. तारखा कुठंच नव्हत्या. 'थोरला नातू, रोवणीचा तिसरा दिवस, बोडी भरून.' 'मोठीची पोरगी, मोह चांगला आला त्या साली, पहाटे.' 'धाकटा नातू, पुंजणे रचून झाल्यावर. कपिलेला गोऱ्हा, दोन दिवसांनी. दोघंही बरे.' यावरून पुढं त्या धाकट्याचे भाऊ त्याला गोऱ्ह्याचा भाऊ म्हणू लागले आहेत, आणि तो चिडत नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याचा नातू जायच्या आधी सहज शेताकडे गेला. बूट घालूनच. धुऱ्यावर शेजारी फावडं घेऊन वाकलेला, आणि आबाजींच्या बाजूची ताजी माती त्याच्या बांधीत पडलेली. हा पोरगा आयुष्यात कोणावर ओरडला नव्हता. सगळी भांडणं ईमेलवर. पण तो लांबूनच ओरडला, "कायले गा धुरा कोरून रायला? टेप लावू का?"

शेजाऱ्यानं फावडं थांबवलं, कंबर सरळ केली, कपाळावर हात धरून नीट पाहिलं.

"कोनाचा गा तू?" त्यानं विचारलं. आणि उत्तराची वाट न पाहता, "टेप खोटा आहे तुह्या आज्याचा. पहिल्या हाताच्या खुना पुसल्या त्याच्या. आन, मी दोरी आनतो. आन् गाडी किती वाजताची आहे? दुपारची असन् तर होते."